मागचा ब्रेक धरतो तेव्हा
(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसाच्या हमीभावावर आणि ज्वारीच्या खरेदीवर बोलणे झाले. आता जेवणाआधीचा अर्धा तास आमच्या वाट्याला आला आहे आणि विषय आहे गाडीच्या मागच्या ब्रेकचा. शेतकऱ्यांच्या बैठकीत हे काय काढले, असे काही जणांच्या तोंडावर दिसते आहे. पण बाहेर लिंबाखाली उभ्या असलेल्या गाड्या जरा आठवा. नवी कोरी त्यात एखादीच. बाकीच्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या. मारुती 800 तर चार-पाच आहेत. ही गाडी 1983 च्या डिसेंबरात रस्त्यावर आली आणि 2014 च्या जानेवारीत कारखान्याने ती बनवणे बंद केले. म्हणजे आपल्याकडची त्यातली सगळ्यात तरुण गाडीसुद्धा दहा वर्षांच्या पुढची. अशा गाडीतून आपण बैठकीला येतो, बियाण्याच्या थैल्या आणतो, रात्री-बेरात्री बाळंतिणीला दवाखान्यात नेतो. मृगापासून दसऱ्यापर्यंत ती गोठ्यात उभी असते आणि दसऱ्याला हार घातला की तिने निमूट निघावे, अशी आपली अपेक्षा असते.

निघताना मागची चाके फिरत नाहीत, किंवा फिरतात पण जड फिरतात. ब्रेकवरचा पाय काढला, हँडब्रेक खाली सोडला, तरी ब्रेक सुटत नाही. याला आपण म्हणतो, ब्रेक धरतो. आणि लगेच स्वतःची समजूत घालतो, की धरतो आहे ना, लागत नाही असे तर नाही? ब्रेक फेल होण्यापेक्षा धरलेला बरा. आम्हीही असेच म्हणत होतो. ती समजूत कशी खोटी निघाली ते आधी सांगतो.

दोन वर्षांपूर्वीच्या मार्गशीर्षातली गोष्ट. आमच्या मंडळाची 800 घेऊन आम्ही पाच जण हिंगणघाटच्या बाजाराला गेलो होतो. गाडी दसऱ्यापासूनच जड चालत होती. आम्ही म्हणालो, हवा कमी असेल. हवा भरली. पेट्रोल जास्त खात होती. आम्ही म्हणालो, पंपावर मापात पाप असेल. परतताना मागे बसलेल्या वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, जळक्या चिंधीसारखा वास येऊन राह्यला." आम्ही म्हणालो, "कोनी धुऱ्यावर काडीकचरा पेटवला असंल." तीन मैल पुढे गेल्यावरही तोच काडीकचरा कसा जळतो, हा विचार आमच्यापैकी एकालाही आला नाही.

वर्धा नदीच्या पुलाकडे उतार लागला. समोर एक बैलगाडी होती. ब्रेक दाबला तर पेडल सरळ खाली गेले, चिखलात पाय जावा तसे. गाडी चालवणाऱ्याने डोके शाबूत ठेवले. पेडल भराभर तीन-चारदा मारले, चौथ्या गिअरमधून तिसरा, तिसऱ्यातून दुसरा टाकला, इंजिन बंद केले नाही, आणि गाडी डाव्या हाताला तुरीच्या वावरात घातली. कोणाला लागले नाही. तुरीची दोन तासे मोडली, त्याचे पैसे त्या शेतकऱ्याने घेतले नाहीत. उलट चहा दिला.

खरी गंमत पुढे आहे. चहा पिऊन अर्ध्या-पाऊण तासाने परत गाडीत बसलो, पेडल दाबले, तर ते एकदम टणक. जणू काही झालेच नव्हते. दुसऱ्या दिवशी एका गॅरेजमध्ये गाडी नेली. तिथल्या माणसाने एक चक्कर मारली आणि म्हणाला, ब्रेक तर ओके आहे. तरी तुमच्या समाधानासाठी दोन्ही ड्रम, चारही शू, दोन्ही व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडर बदलून टाकू, साडेनऊ हजार होतील. आम्ही विचारले, यातले बिघडले काय आहे? म्हणाला, ते खोलल्यावर कळेल. म्हणजे रोग कळायच्या आधी औषधाचे बिल तयार. 2024-25 च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव 7,121 रुपये क्विंटल होता. त्या हिशेबाने हे बिल एक क्विंटल 33 किलो कापसाचे झाले, तेही हमीभाव हातात पडला असता तर. कोरडवाहू माणसाच्या किती तासांचा कापूस तो, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

आम्ही गाडी परत आणली. तालुक्याच्या गावी एक म्हातारे मिस्त्री आहेत, जीपगाड्यांच्या काळापासून हात काळे केलेले. त्यांच्या पायाशी दोन दिवस बसलो आणि चाके आमच्या हाताने उघडली. आज सांगतो आहोत ते त्यांच्याकडून शिकलेले आणि त्यानंतर आसपासच्या गाड्या उघडून तपासून घेतलेले.

पेडल खाली का गेले?

आधी आत काय आहे ते समजून घेऊ. चाकामागे बिडाचे एक पसरट भांडे असते, तो ड्रम. तो चाकाबरोबर फिरतो. त्याच्या आत, न फिरणाऱ्या पत्र्याच्या ताटलीवर, चंद्रकोरीसारखे दोन शू असतात आणि त्यांच्या पाठीवर लायनर चिकटवलेला असतो. दोन्ही शूंच्या मध्ये एक छोटा सिलिंडर, त्याच्या दोन्ही तोंडांना एकेक पिस्टन. पेडल दाबले की ब्रेक ऑइल दाबाने येते, पिस्टन बाहेर सरकतात, शू ड्रमला घासतात. पाय काढला की स्प्रिंगा शूंना मागे ओढतात. हँडब्रेकचा रस्ता वेगळा. त्याची तार, म्हणजे केबल, ड्रमच्या आतली एक पट्टी ओढते आणि तेच शू बाहेर ढकलते. काम एकच, पण त्याला दोन वाटा. रोग शोधताना हीच गोष्ट कामी येते.

आता शू मागे आले नाहीत, तर चाक चालताना अखंड घासत राहते. ड्रम तापतो, त्याची उष्णता सिलिंडरला लागते, सिलिंडरमधून ब्रेक ऑइलला. नावात ऑइल असले तरी ते तेल नव्हे. हवेतला ओलावा पिणारे ते रसायन आहे. आपल्या गाड्यांत चालते त्या डॉट 3 जातीचे कोरे ब्रेक ऑइल किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही. पण ओलावा प्यायले की हाच आकडा 140 पर्यंत खाली येऊ शकतो. आमच्या गाडीत ते किती वर्षांपूर्वी भरले होते, कोणालाच आठवत नव्हते. ते उकळले, त्याची वाफ झाली. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पेडलची सगळी ताकद वाफ चेपण्यात गेली आणि शूपर्यंत काही पोचले नाही. चहा होईपर्यंत ड्रम निवले, वाफेचे पुन्हा पाणी झाले, पेडल टणक. म्हणून गॅरेजवाल्याला काही सापडले नाही.

तेव्हा भावांनो, धरणारा ब्रेक आणि न लागणारा ब्रेक हे दोन रोग नाहीत. पहिला वाढला की दुसरा होतो, आणि तो नेमका उतारावर होतो, कारण उतारावरच आपण ब्रेक दाबतो.

आमच्या गाडीच्या दोन्ही मागच्या चाकांनी धरले होते, म्हणून पेडल तळाला गेले. एकाच चाकाने धरले असते तर कदाचित अर्धे गेले असते आणि गाडी एका अंगाला ओढली असती. तेही काही कमी वाईट नाही.

धरतो आहे हे कसे ओळखायचे

गाडी जड वाटणे, पेट्रोल जास्त लागणे, वास येणे ही लक्षणे सांगितलीच. साधी परीक्षा अशी. सपाट रस्त्यावर चार-पाच मैल चालवा, शक्यतो ब्रेक न मारता. मग थांबवा आणि चारही चाकांजवळ हात न्या. लावू नका, नुसता जवळ न्या. ज्याची धग लागते ते चाक दोषी. खात्री करायची तर बोटाने पाण्याचा एखादा थेंब मधल्या टोपीकडे उडवा. चर्र झाले तर समजा. तापलेल्या ड्रमवर तांब्याभर पाणी मात्र ओतू नका. बिड तडकते. आणि अशी तापलेली गाडी कडब्याच्या गंजीजवळ किंवा वाळल्या गवतावर उभी करू नका. याबाबत थट्टा नको.

उभी गाडी निघतच नसेल, चाके फिरायच्या ऐवजी घासत सरकत असतील, तर ती शू ड्रमला गंजाने चिकटल्याची खूण. ओल्या पावसाळ्यात हँडब्रेक ओढून ठेवलेल्या गाडीचे हेच होते. आमच्याकडे त्यात आणखी दोन कारणे. काळी माती ओली असताना ड्रममध्ये शिरते आणि वाळली की सिमेंटसारखी बसते. आणि गाडी गोठ्यात, शेजारी युरियाच्या गोण्या. जनावरांचे मूत आणि खत, दोन्ही लोखंडाचे वैरी.

अशा वेळी गाडी पहिल्या गिअरमध्ये एक इंच पुढे, रिव्हर्समध्ये एक इंच मागे, असे हळूहळू डोलवावे. बहुतेक वेळा टक् असा आवाज होऊन चाक सुटते. धसमुसळेपणाने क्लच सोडला तर लायनर शूवरून उपटून ड्रमला चिकटून राहतो, मग चाक सुटते पण ब्रेक गेलेला असतो. म्हणून अशी सुटलेली गाडी एकदा उघडून पाहिल्याशिवाय लांब नेऊ नये.

दोष कुठे आहे

आता मुख्य काम. गाडी कठीण, सपाट जागेवर घ्या. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावा. 800 चे पुढचे चाक ओढते, मागचे मोकळे असते, म्हणून गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवली तरी मागची चाके हाताने फिरवून पाहता येतात. ओम्नीचे किंवा जीपचे मागचे चाक ओढते, तिथे गिअर न्यूट्रल करावा लागतो आणि दगड दुप्पट नीट लावावे लागतात. मागचे एक चाक जॅकवर उचला आणि गाडीखाली लाकडी ठोकळा लावा. विटा लावू नका, वीट फुटते. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कोणीही डोके घालायचे नाही. ठोकळा नसेल तर ते काम त्या दिवशी राहू द्यावे.

हँडब्रेक पूर्ण खाली. चाक हाताने फिरवा. फिरत नाही? आता दोन वाटांपैकी कोणती अडली आहे ते पाहू.

पहिली वाट केबलची. दोन सीटच्या मधले हँडब्रेकचे आवरण काढले की केबल ताणणारा नट दिसतो. तो ढिला करा. चाक सुटले, तर दोष केबलकडे. एक तर ती जास्त ताणलेली होती, किंवा गंजून तिच्या नळीत अडकली होती. नळीचे आवरण कुठे फाटले, चेपले आहे का पाहा. केबल दोन्हीकडून सोडवून आतली तार हाताने मागेपुढे करून पाहा. बैलाच्या गळ्यातल्या दाव्यासारखी सहज सरकली पाहिजे. अडखळत असेल तर नवी घाला. त्यात तेल ओतून चार दिवस चालते, पाचव्या दिवशी पुन्हा अडकते.

नट ढिला करूनही चाक सुटले नाही, तर दुसरी वाट, ब्रेक ऑइलची. चाकाच्या मागे, ताटलीवर, हवा काढायचा निप्पल असतो. नेमक्या मापाचा रिंग पाना लावून तो पाव आटा सोडा, तोंडाला बाटलीत सोडलेली नळी लावून. ऑइल चिळकन उडाले आणि चाक मोकळे झाले, तर समजा की पाय काढल्यावरही दाब आत कोंडून राहिला होता. तो कुठे कोंडला? मास्टर सिलिंडरपाशी, की वाटेतल्या रबरी होज पाइपमध्ये? म्हातारा रबरी पाइप बाहेरून धडधाकट दिसतो, पण आतून सुजतो. पायाच्या जोराने ऑइल पुढे जाते, स्प्रिंगच्या जोराने परत येत नाही.

पाहायचे असे. निप्पल बंद करा, पेडल दाबून सोडा, म्हणजे चाक पुन्हा धरेल. आता रबरी पाइपाच्या अलीकडचा, इंजिनाच्या बाजूचा, लोखंडी नळीचा जोड थोडा ढिला करा. चाक सुटले तर दोष त्याच्याही अलीकडे, बहुधा मास्टर सिलिंडरकडे किंवा पेडलच्या दांडीला मुळीच ढिलाई नसण्याकडे. तसे असेल तर पुढची चाकेही थोडीफार धरत असतात, तीही फिरवून पाहा. जोड ढिला करून चाक सुटले नाही, पण निप्पल सोडल्यावर सुटते, तर दोष त्या रबरी पाइपाचा. काही गाड्यांत दोन्ही मागच्या चाकांना मिळून एकच रबरी पाइप असतो, तिथे दोन्ही चाके एकदम धरतात. ही तपासणी झाल्यावर तो जोड आवळून त्या वाटेतली हवा काढल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

आणि केबल ढिली केली, निप्पल सोडला, तरी चाक जागचे हलत नाही? मग दोष ड्रमच्या आत आहे. शू चिकटले, पिस्टन गंजले, स्प्रिंग तुटली, किंवा हँडब्रेकची आतली पट्टी तिच्या खिळ्यावर जाम झाली. ही शेवटची गोष्ट पुष्कळ जण विसरतात. केबल नवी घालतात आणि ब्रेक तसाच धरतो. पट्टी जाम असेल तर नव्या केबलने काय होणार?

ही सगळी परीक्षा तासाभराची. पाने, जॅक, ठोकळा आणि दोन माणसे. गॅरेजवाल्याने मागितलेल्या चार जिनसांपैकी कोणती लागते आणि कोणती नाही, हे यातून कळते.

एका बैठकीत आम्ही हे सांगत होतो, तेव्हा मागून एक भाऊ ओरडले, "हे तं आपल्या कापसाचंच झालं. 1972 पासून एकाधिकाराचा हँडब्रेक ओढून ठेवला अन् म्हने शेतकरी पुढं काहून जात न्हाई!" सगळे हसले. आम्हीही हसलो. पण त्यावर बोलायला आपल्याकडे आमच्यापेक्षा चांगले वक्ते आहेत, आम्ही चाकावरच राहतो.

उघडणे आणि दुरुस्ती

800 चा ड्रम मधल्या मोठ्या नटाने धरलेला असतो. टोपी काढली की तो दिसतो. त्यात काटेपिन असते, नाहीतर नटाची कडा खाचेत ठोकून बसवलेली असते. ती आधी सरळ करावी. हा नट फार घट्ट असतो, चाक जमिनीवर असतानाच लांब दांड्याने सैल करावा. परत बसवताना नवा नट घातलेला चांगला, आणि तो मापाने आवळायचे काम जाणत्या मिस्त्रीकडून करून घ्यावे. कमी आवळला तर बेअरिंग जाते, आणि पुढे चाकच हातात येते.

ड्रम निघत नसेल तर हँडब्रेकचा नट पूर्ण ढिला आहे ना, पाहा. जुन्या ड्रमच्या काठाला झिजून धार उरलेली असते, ती शूंना अडवते. लाकडी ठोकळा मध्ये धरून चहूबाजूंनी हलके ठोकत फिरा. बिडावर थेट घण घालू नका, तडा जातो. ज्या ड्रमला आटे असलेली दोन भोके असतात, तिथे दोन बोल्ट घालून आळीपाळीने पिळले की ड्रम सुटून येतो.

आत काळी भुकटी असेल. ती फुंकायची नाही, गॅरेजमधल्या हवेच्या नळीनेही उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे, आणि ते छातीत गेले की फुप्फुसाचा रोग होतो. तोंडाला फडके बांधा, पाणी शिंपडून ओल्या चिंधीने पुसून घ्या आणि चिंधी पुरून टाका. पोरांना त्या वेळी जवळ येऊ देऊ नका.

मग पाहायचे ते असे. सिलिंडरच्या रबरी टोप्या उचलून आत ओल आहे का पाहा. ओल असेल तर तो गळतो आहे. घरच्याला पेडल अगदी हळू, बोटभर दाबायला सांगा आणि दोन्ही पिस्टन सरकतात का पाहा. जास्त दाबले तर पिस्टन बाहेर उडतो, म्हणून शूंना हाताने आधार द्या. एक पिस्टन सरकतो आणि दुसरा नाही, हे वारंवार दिसते. सिलिंडर आतून गुळगुळीत असेल तर नुसते रबर बदलून चालते. गंजाचे खड्डे पडले असतील तर सिलिंडरच नवा. पॉलिश पेपरने घासून खड्डे जात नाहीत, रबर मात्र आठ दिवसांत फाटते. लायनर मिलिमीटर-दीड मिलिमीटरवर आला असेल, किंवा त्यावर ऑइल, ग्रीस पडले असेल, तर शू बदला, आणि एका बाजूचे बदलले तर दुसऱ्या बाजूचेही. तापून निळ्या पडलेल्या स्प्रिंगा ठेवू नका.

शू ज्या ताटलीवर टेकतात तिथे घासून खाचा पडलेल्या असतात, शू त्या खाचेत अडकून राहतो. कानसीने ती जागा सपाट करा आणि उष्णता सोसणारे ग्रीस नखाएवढे लावा. हँडब्रेकच्या पट्टीच्या खिळ्यालाही तेवढेच. नखाएवढे म्हणजे नखाएवढे.

हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याला सवय आहे वंगणाची. बैलगाडीचा कणा करकरला, वंगण. डवऱ्याचा नट अडला, डिझेल. पंपाचा खटका बसला, तेल सोड. ब्रेकमध्ये ही सवय जीव घेते. लायनरला डिझेलचा हात लागला तरी तो ते पितो आणि मग कितीही पुसा, धरत नाही. रबराला डिझेल, रॉकेल, पेट्रोल, इंजिन ऑइल यातले काही लागले की ते फुगते. आमच्या ओळखीच्या एका भावाने ब्रेक ऑइल कमी दिसले म्हणून डबीत इंजिन ऑइल ओतले. महिनाभरात मास्टर सिलिंडरपासून सगळी रबरे फुगली आणि चारही चाकांनी एकदम धरले. सगळी रबरे आणि रबरी पाइप बदलावे लागले, नळ्या धुवाव्या लागल्या. सिलिंडर आणि रबर पुसायचे ते फक्त ब्रेक ऑइलने. आणि ब्रेक ऑइल रंग खाते, विषारीही आहे, तेव्हा त्याची बाटली पोरांच्या हाताबाहेर आणि बूच घट्ट लावून ठेवा. उघडी राहिलेली बाटली वापरू नका, तिने ओलावा प्यायलेला असतो.

दुसरी एक गोष्ट आम्ही पाहिली ती त्याहून वाईट. एका गाडीचे मागचे डावे चाक धरत होते. रस्त्यावरच्या कोणा मिस्त्रीने त्या चाकाकडे जाणारी लोखंडी नळी हातोडीने चेपून बंद केली, पैसे घेतले आणि म्हणाला, आता नाही धरणार. खरेच धरत नव्हते. त्या चाकाला ब्रेकच उरला नव्हता. मालकाला वर्षभर पत्ता नाही. म्हणून सांगतो, कोणाकडूनही काम करून घ्या, पण समोर उभे राहा आणि काढलेले जुने सामान मागून घ्या. चांगला मिस्त्री रागावत नाही, तो स्वतःच दाखवतो.

सगळे बसवल्यावर हवा काढायची. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने निप्पल सोडून बंद करायचा, मगच पहिल्याने पाय काढायचा. मास्टर सिलिंडरपासून लांबच्या चाकापासून सुरुवात, आणि डबी कधी रिकामी होऊ द्यायची नाही. पेडल दहा-बारा वेळा जोराने मारा म्हणजे शू ड्रमजवळ येऊन बसतील, आणि सगळ्यात शेवटी हँडब्रेकचा नट आवळा. आमच्या गाडीला पाच-सहा खटक्यांत ब्रेक लागतो. खाली सोडल्यावर चाक हाताने मोकळे फिरले पाहिजे. आधी केबल ताणून मग शू बसवणारे पुष्कळ आहेत, त्यांची गाडी आठ दिवसांत पुन्हा धरते.

आमच्या गाडीत निघाले काय? केबल पूर्ण गंजलेली, आणि डाव्या सिलिंडरचा एक पिस्टन जाम. एक केबल, एक सिलिंडर, स्प्रिंगांचा संच, नवा नट आणि ताजे ब्रेक ऑइल. ड्रम चांगले होते, शू चांगले होते, मास्टर सिलिंडरला काही झाले नव्हते. मिस्त्रींच्या मजुरीसकट सगळे त्या साडेनऊ हजारांच्या तिसऱ्या हिश्श्यात बसले.

पावसाळ्यापुरते दोन शब्द. गाडी महिनोनमहिने उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढू नका. पहिला गिअर टाका आणि चाकांना दगड लावा. लांबून तापून आलेली गाडीही लगेच हँडब्रेकवर ठेवू नका, ड्रम निवताना आकसतो आणि शूंना आवळून धरतो. खताच्या गोण्या दुसरीकडे हलवा. आठ-पंधरा दिवसांनी कोणीतरी गाडी अंगणात दहा हात मागेपुढे करून ब्रेक मारून ठेवावी. नाल्याच्या पाण्यातून गाडी काढली तर पुढे थोडे अंतर हलका ब्रेक दाबत चालवा, ड्रम वाळतात. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला आणि तारीख डबीवर खिळ्याने कोरून ठेवा, नाहीतर आमच्यासारखे कोणालाच आठवत नाही.

जेवणे झाली की लिंबाखाली या. तिथल्या दुसऱ्या 800 च्या मालकाने परवानगी दिली आहे, तिचे मागचे उजवे चाक तापते आहे. ठोकळे आम्ही आणले आहेत, लांब दांडा मात्र कोणाकडे असेल तर घेऊन या. मायबहिणींनी पुढे उभे राहावे. वास आधी त्यांनाच येतो, हे आम्ही आता मान्य केले आहे.